दहा माणसांचे घर
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी पाठ)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या वास्तूचा गौरव करताना तिच्या भिंतींकडे, जुन्या कपाटांकडे आणि देणगीदारांच्या संगमरवरी फलकांकडे प्रथम लक्ष जावे, हे स्वाभाविक आहे. परंतु मराठी मुलखाबाहेर एखादे मराठी ग्रंथालय शतकभर टिकते, ते केवळ भिंतींच्या बळावर नव्हे. संख्येने लहान असलेला समाज आपली विद्या, आपली श्रद्धा आणि आपली भाषा कशी जपतो, या प्रश्नाचा विचार आजच्या प्रसंगी करावयाचा, तर दुसऱ्या एका घराकडे पाहणे उपयुक्त ठरेल. हे घर म्हणजे कोकणातील मराठीभाषक यहुद्यांचे, अर्थात बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनास्थान होय.

या स्थानाला इंग्रजी वळणाने 'सिनेगॉग' म्हणतात. हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ 'एकत्र जमणे' एवढाच आहे. हिब्रू भाषेतील त्याचे नाव 'बेथ हक्नेसेत', म्हणजे जमण्याचे घर. याच वास्तूला 'बेथ हमिद्राश', म्हणजे अध्ययनाचे घर, आणि 'बेथ तेफिला', म्हणजे प्रार्थनेचे घर, अशीही नावे परंपरेने दिली जातात. यांतील सर्वांत रूढ नावात ना देवाचा उल्लेख आहे, ना प्रार्थनेचा. आधी माणसे जमावीत, जमलेल्यांनी अध्ययन करावे आणि त्या अध्ययनातून प्रार्थनेला अर्थ यावा, असा क्रम त्यातून सूचित होतो.

जमण्याचीही एक मोजदाद ठरलेली आहे. सार्वजनिक उपासनेसाठी किमान दहा प्रौढ माणसे हजर असावी लागतात. या दहांच्या समूहाला 'मिन्यान' म्हणतात. रूढ परंपरेत दहा पुरुष मोजले जातात. सुधारणावादी मंडळींत स्त्रियांचीही गणना होते. दहा जण जमले नाहीत, तर धर्मग्रंथाची गुंडाळी उघडून तिचे सार्वजनिक वाचन करता येत नाही. इतकेच नव्हे, तर आईबापांच्या मागे मुलाने म्हणावयाची 'कद्दिश' नावाची प्रार्थनाही एकट्याने म्हणता येत नाही. तिच्यात मृत्यूचा शब्दही नाही, ती केवळ ईश्वराची स्तुती आहे. परंतु तिला उत्तर द्यायला समोर माणसे लागतात. दुःख स्वतःचे असले तरी ते व्यक्त करण्यासाठी आणखी नऊ जणांनी आपले काम सोडून यावे लागते. या घराचे सारे मर्म या एका नियमात आहे, आणि त्याचे संकटही याच नियमात आहे.

बेने इस्राएलांच्या परंपरागत कथेनुसार त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते, ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या; ग्रंथ आणि चीजवस्तू समुद्राने नेली. ही घटना केव्हाची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पुढची हकीकत मात्र स्पष्ट आहे. ही माणसे कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि कोकणी वळणाची मराठी बोलू लागली. रोहेकर, पेणकर, दिवेकर, नागावकर, केहीमकर अशी गावांवरून आडनावे त्यांनी घेतली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. ग्रंथ नाही, गुरू नाही, प्रार्थनास्थान नाही, अशा अवस्थेत त्यांच्यापाशी उरले ते इतकेच: शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ईश्वर एकच आहे असे सांगणारे 'शेमा' हे वचन. जन्म असो, लग्न असो वा मरण असो, प्रत्येक प्रसंगी ते हेच एक वचन उच्चारीत.

कोचीनहून आलेल्या दाविद रहाबी नावाच्या विद्वानाने त्यांना ओळखले, अशी आख्यायिका आहे. त्याने घरातील स्त्रियांपुढे मासळीची टोपली ठेवली, आणि त्यांनी पंख व खवले असलेली मासळी तेवढी वेगळी काढली. मोशेच्या नियमानुसार तेवढीच मासळी खाण्याजोगी असते. पोथीतला नियम चुलीपाशी टिकून राहिला होता! रहाबीचा काळ वादग्रस्त असला, तरी समाजाने ही कथा पिढ्यान्पिढ्या जपली, यातच तिचे महत्त्व आहे. त्याने काही जणांना शिकवून तयार केले आणि त्यांना 'काजी' हे पद मिळाले. हे काजी गावोगाव फिरून विधी करीत आणि तंटे मिटवीत.

या समाजाच्या सणांची जुनी नावे पाहिली, म्हणजे धर्म मराठीत किती खोल मुरला होता हे ध्यानात येते. वर्षारंभाचा तो 'नव्याचा सण'. खिरीचा नैवेद्य असे तो 'खिरीचा सण'. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन पाळून उपास बिरड्यांनी सोडीत, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. यांतील दोन लागोपाठचे दिवस आजच्या विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहेत. हिब्रूत ज्याला 'योम किप्पुर' म्हणतात, त्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला कोकणात 'दारफळणीचा सण' म्हणत. फळ्या लावून दार बंद करावयाचे, शुभ्र वस्त्रे नेसावयाची, कडकडीत उपास करावयाचा आणि बाहेरच्या कोणाशी संपर्क ठेवावयाचा नाही. त्याचा दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी दारे उघडत, आप्तेष्टांकडे जाणेयेणे होई आणि गोरगरिबांना दानधर्म केला जाई. एक दिवस अंतर्मुख होण्याचा, तर लगोलग दुसरा लोकांत मिसळण्याचा. लहान समाजाला दोन्हींची गरज असते. दार कधीच लावले नाही तर स्वत्व विरघळते; ते कायमचे लावले तर आतली हवा कोंदट होते.

या समाजाला स्वतःची वास्तू लाभली ती मुंबईत, १७९६ साली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी सामुएल इझिकेल दिवेकर, ज्यांना समाजात समाजी हसाजी म्हणत, हे म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले होते. सुटून परत आल्यावर त्यांनी मांडवी भागात 'शाआर हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार', हे प्रार्थनास्थान बांधले. पुढे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तेथेच त्यांचे निधन झाले, असे परंपरा सांगते. आधी घर बांधले आणि मग त्याच्यासाठी ग्रंथ आणावयास निघाले! समाज या वास्तूला 'मशीद' म्हणे. १८४० च्या सुमारास दुसरी वास्तू उभी राहिली, तेव्हा पहिलीला 'जुनी मशीद' आणि दुसरीला 'नवी मशीद' अशी नावे पडली. मुंबईच्या मस्जिद स्थानकाचे नाव या जुन्या मशिदीवरून पडले, असे सांगितले जाते. कारभाराची रचनाही देशी वळणाचीच होती: प्रमुख तो मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुला, हिशेब पाहणारा गबाय, प्रार्थना चालविणारा हज्जान आणि देखभाल करणारा शमाश. गावगाड्यातले मुकादम-चौगुला आणि हिब्रू परंपरेतले हज्जान-शमाश यांचा एकाच पंक्तीत असा मेळ बसला होता. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे, पुणे असा पुढे या घरांचा विस्तार होत गेला.

आत गेल्यावर मूर्ती किंवा चित्र दिसत नाही. यरुशलेम पश्चिमेला, म्हणून पश्चिमेच्या भिंतीत एक पडदा लावलेले कपाट असते. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराहच्या गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. मध्यभागी कठड्याचा चौथरा असतो, त्याला 'तेवा' म्हणतात. वाचन तेथून, लोकांच्या मध्ये उभे राहून होते. ग्रंथालयाशी संबंध असलेल्या मंडळींनी दखल घ्यावी अशी गोष्ट ही की, या घरातील सर्वांत पवित्र वस्तू म्हणजे ग्रंथांचे कपाट आहे. लेखनात एक अक्षर चुकले तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनास चालत नाही. आणि ती जीर्ण झाली तर रद्दीत जात नाही; माणसाप्रमाणे तिला मातीत पुरतात. २००५ सालच्या जुलै महिन्यातील महापुरात पनवेलच्या सिनेगॉगमध्ये पाणी शिरून अशा गुंडाळ्यांची हानी झाली, तेव्हा समाजाला घरातले माणूस गेल्याचे दुःख झाले असेल, हे कोणाही ग्रंथप्रेमीला वेगळे सांगावयास नको.

अध्ययनाची पद्धतही मननीय आहे. तोराहचे चोपन्न विभाग पाडलेले असून ते आठवड्याच्या क्रमाने वाचले जातात आणि वर्षभरात ग्रंथ पुरा होतो. समाप्तीच्या दिवशी शेवटचा भाग वाचून होताच त्याच बैठकीत पहिला भाग आरंभावयाचा, म्हणजे ग्रंथ संपला असे म्हणण्यास जागाच उरत नाही. गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात; त्यामुळे वाचणाऱ्याला उच्चार आणि चाल आधी गुरुमुखातून शिकावी लागते. तेरा वर्षांचा मुलगा सर्वांसमोर उभा राहून प्रथम वाचतो, त्या दिवसापासून तो दहांमध्ये मोजला जातो. वयात येण्याची खूण म्हणून त्याला शस्त्र किंवा संपत्ती मिळत नाही. वाचनाचा अधिकार मिळतो. अध्ययन सहसा दोघांनी समोरासमोर बसून, एकमेकांना प्रश्न विचारीत करावे, अशी यहुदी परंपरा आहे. शंका काढणे हा तेथे अनादर मानला जात नाही.

परंतु कोकणातील तेल्याच्या मुलाला हिब्रू कोठून येणार? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात सुटला, आणि तो मराठीने सोडविला. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी प्रार्थनेचे वळण दिले. मिशनऱ्यांच्या शाळांत या समाजाची मुले शिकू लागली. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा उद्देश धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून व्याकरण घेतले, मुद्रणकला घेतली, धर्म मात्र स्वतःचाच ठेवला. किंबहुना त्याच साधनांनी तो अधिक पक्का केला. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ साली पुण्यात निघालेली सचित्र हग्गादा तर प्रसिद्धच आहे. तिच्यातील बेखमीर भाकरी भाजणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. मिसर देशातील दास्यमुक्तीची कथा पुण्याच्या छापखान्यात अशी घरच्या वेषात उतरली.

या कार्यातील अग्रगण्य नाव जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांचे. डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक असलेल्या या विद्वानाने यहुदी प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणले. हाईम सामुएल केहीमकर (१८३०-१९०९) यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा स्थापन केली. हीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. केहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, परंतु तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला १९३७ साली, तेल अवीव येथे. लेखकाच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षे हस्तलिखित जपले गेले, हीदेखील ग्रंथप्रेमाची एक साक्षच म्हणावी लागेल.

पांडित्यापेक्षाही सामान्य माणसाच्या अधिक जवळ गेले ते कीर्तन. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारदीय कीर्तनाचा घाट उचलून अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांची आख्याने मराठीत रचली. तीच साकी, तीच दिंडी, तोच पूर्वरंग आणि उत्तररंग. नायक मात्र बायबलमधील. ज्या आजीला हिब्रूचे एक अक्षर वाचता येत नव्हते, तिला योसेफाला भावांनी विकले त्या प्रसंगी डोळ्यांना पदर लावता येऊ लागला. शेजाऱ्याच्या परंपरेतले साधन घेऊन आपले संचित समृद्ध करणे, आणि तसे करताना ना संकोच ना अनुकरणाची लाज, हे या कीर्तनाचे वैशिष्ट्य होय. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाने या दालनाची पुरेशी नोंद घेतलेली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

आतिथ्याचा विचार 'मलिदा' या विधीवाचून अपुरा राहील. नवस फेडताना, लग्नापूर्वी किंवा नव्या घरात जाताना एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ हा विधी करतात. भिजविलेले पोहे, साखर, खोबरे आणि फळे ताटात रचून त्याभोवती मंडळी बसतात, हिब्रू गीत म्हणतात आणि प्रसाद सर्वांना वाटतात. पोहे कोकणचे, गीत हिब्रूतले. एलियाहूची कथा जगभरच्या यहुद्यांत आहे. परंतु पोह्यांचे असे ताट बेने इस्राएलांखेरीज अन्यत्र नाही. वल्हांडणाच्या जेवणाचा आरंभच मुळी भुकेल्याला घरात येण्याच्या आमंत्रणाने होतो. परक्याशी दयेने वागा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता, ही तोराहची पुनःपुन्हा येणारी आज्ञा आहे. मुलूख सोडून दूर वसलेल्या कोणालाही तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

नोकरीधंद्यानिमित्त हा समाजही महाराष्ट्राबाहेर गेला आणि जेथे गेला तेथे जमण्याचे घर उभारीत गेला. कराचीत १८९३ साली 'मागेन शालोम' उभे राहिले. अहमदाबादच्या खमासा भागात १९३४ साली 'मागेन अब्राहाम' उघडले. दिल्लीत हुमायून रोडवर १९५६ साली 'जुदा हयाम' सभागृह झाले. कराचीच्या घराचा शेवट विदारक झाला. फाळणीनंतर समाज पांगला, प्रार्थनेला माणसे उरली नाहीत आणि १९८८ साली ती वास्तू पाडून तेथे व्यापारी इमारत उभी करण्यात आली. माणसे गेली तेव्हाच घर गेले होते. भिंती पडल्या त्या नंतर.

भारतातही संख्या घटत गेली, परंतु त्यामागे छळ नव्हता. या देशात बेने इस्राएलांना धर्मासाठी पळावे लागले नाही, हे ते स्वतः कृतज्ञतेने सांगत आले आहेत. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली, तेव्हा बेने इस्राएलांची संख्या सुमारे वीस हजार होती. त्यांतील बहुसंख्य पुढील दशकांत श्रद्धेने आणि आशेने तिकडे गेले. तेथे त्यांच्या वाट्याला आलेला अनुभव क्लेशकारक होता. १९६२ साली तेथील धर्मपीठाने या समाजाच्या विवाहसंबंधांबाबत शंका उपस्थित करून त्यांच्या वंशावळीची चौकशी करण्याचे निर्देश दिले. ग्रंथ हरपले असतानाही ज्यांनी शनिवारचा घाणा बंद ठेवला, त्यांनाच त्यांच्या यहुदीपणाचा पुरावा मागण्यात आला! समाजाने निदर्शने केली, धरणे धरले. अखेर १९६४ साली इस्रायलच्या शासनाने आणि संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणून वेगळे ओळखीत. यरुशलेमात ते हिंदी म्हणून वेगळे ठरले. अशा प्रसंगी आधार दिला तो पुन्हा जमण्याच्या घरांनीच, आणि मराठीने. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले, ही गोष्ट त्या दृष्टीने बोलकी आहे.

आज भारतात सर्व यहुदी मिळून पाच हजारांच्या आसपासच असावेत. त्यांतील मोठा भाग मुंबई आणि ठाणे परिसरात राहतो. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. मुंबईत एव्हलिन पीटर्स यांच्या नावाचे समाजकेंद्र हिब्रूचे व धर्माचे शिक्षण, सणांचे साजरीकरण आणि वृद्धांचा सहवास यांसाठी काम करीत आले आहे. कदूरी शाळेत समाजाची मुले मोजकीच उरली. बाके इतर धर्मांच्या मुलांनी भरली. शाळा मात्र बंद पडली नाही. आपल्यासाठी लावलेल्या झाडाखाली शेजाऱ्यांची मुले बसतात, याचे दुःख मानावे की समाधान, याचे उत्तर त्या शाळेने केव्हाच देऊन ठेवले आहे.

उघड्या दाराला किंमतही मोजावी लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या नरिमन हाऊसवर हल्ला झाला. परगावच्या यहुदी प्रवाशांना जेवू घालणारे, निवारा देणारे आणि धर्माचे पाठ देणारे ते घर होते. ते चालविणारे रब्बी गाव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि त्यांचे चार पाहुणे तेथे मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची भारतीय दाई सँड्रा सॅम्युएल हिने जिवावर उदार होऊन बाहेर काढले. ती त्या धर्माची नव्हती, त्या घरची मात्र होती. तेव्हापासून अनेक सिनेगॉगच्या दाराशी पहारा आला, ओळखपत्र पाहण्याची पद्धत आली. तरीही २०१४ साली ते घर पुन्हा सुरू झाले. दारफळणीनंतर शिळा सण यावा, तसेच हे होय.

श्रोतेहो, या साऱ्या इतिहासातून ग्रंथालयाच्या चालकांनी आणि सभासदांनी काय घ्यावे? लहान समाजाला भव्यतेची गरज नसते. त्याला एक कपाट लागते, वाचून दाखविणारा एक माणूस लागतो आणि ठरल्या वेळी येऊन बसणारी दहा माणसे लागतात. ज्ञान जुन्या भाषेत अडकले असेल, तर ते बोलत्या भाषेत आणावे लागते. शेजाऱ्याचे कीर्तन चांगले असेल, तर ते उचलण्यात कमीपणा नसतो. आपली मुले दूर गेली, तर शेजाऱ्यांच्या मुलांसाठी दार उघडे ठेवावे लागते. आणि पुरात भिजलेल्या पोथीसाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, असा एक तरी माणूस कारभारात असावा लागतो.

कोकणातल्या आणि कोकणाबाहेरच्या कित्येक छोट्या सिनेगॉगमध्ये शनिवारी सकाळी आठ-नऊ माणसे जमतात आणि दहाव्याची वाट पाहत दाराकडे डोळे लावून बसतात. तो आला की कपाटाचा पडदा सरतो. तो न आला तर ग्रंथ तेथेच असतो, घर तेथेच असते, दिवाही तेवत असतो. केवळ वाचन होत नाही. या ग्रंथालयाच्या वाचनकक्षातही दिवे वेळेवर लागतात, ग्रंथ जागच्या जागी आहेत. येणाऱ्या शंभर वर्षांत त्या कपाटांची दारे उघडत राहावीत, यासाठी दहावे माणूस होणे, हे प्रत्येक सभासदाच्या हाती आहे.